कंट्रोल आत आलं म्हणून रिपोर्ट बरोबर असतोच असं नाही: लॅबमध्ये क्यूसी नीट कसं करायचं

बऱ्याच लॅबमध्ये सकाळी काय चालतं ते सगळ्यांना माहितीये. मशीन चालू केलं, कंट्रोल (ज्याचा आकडा साधारण किती यायला हवा ते आधीच माहीत असतं ते द्रव) लावलं, ग्लुकोज ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं, परत लावलं, परत बाहेर, तिसऱ्यांदा कसंबसं आत आलं की तेवढंच रजिस्टरला लिहायचं आणि सॅम्पल चढवायचे. मग इन्स्पेक्शनला रजिस्टर एकदम चकाचक. आता ह्यात गोची काय आहे बघा: समजा मशीन खरंच बिघडलंय आणि सगळ्या व्हॅल्यू २ एसडीने (एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, रीडिंगमधला नेहमीचा चढउतार) वर सरकल्यात, तरी कंट्रोल लावल्यावर निम्म्या वेळा ते +२ एसडीच्या आत येणारच. म्हणजे बिघडलेल्या मशीनवरही दोन-तीन वेळा लावलं की 'पास' मिळतंच मिळतं. तेव्हा आत येईपर्यंत कंट्रोल लावत बसणं हे क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) नाहीच, ती स्वतःची फसवणूक आहे, आणि शिवाय कंट्रोल वाया जातं ते वेगळंच.

खाली लिहिलंय ते छोट्या-मध्यम लॅबला डोळ्यासमोर ठेवून, जिथे एक बायोकेमिस्ट्रीचं मशीन, एक सेल काउंटर, एक इलेक्ट्रोलाइटचं आणि दोन-तीन माणसं असतात. मोठ्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर बरंच काही करतं, पण तत्त्व तेच.

आधी ट्यूबकडे बघा, मशीनकडे नंतर

लॅबच्या चुका मोजल्या तर जास्तीत जास्त चुका सॅम्पल मशीनवर चढायच्या आधीच झालेल्या असतात, आणि तुमचं कंट्रोल त्यातली एकही पकडू शकत नाही कारण कंट्रोल काही कुणाच्या हातातून सुईने काढलेलं नसतं.

एक उदाहरण घ्या. पोटॅशियम ८.४, कॅल्शियम ५.१, अल्कलाइन फॉस्फेटेज एकदम तळाला, सोडियम मात्र छान १३९. पेशंट स्वतःच्या पायाने चालत आला, गप्पा मारत ब्लड देऊन गेला. हे कॉम्बिनेशन दिसलं की डोक्यात एकच गोष्ट यायला पाहिजे: जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए (ब्लड गोठू नये म्हणून टाकलेलं केमिकल) सिरमच्या (ब्लड गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) ट्यूबमध्ये गेलंय. ते पोटॅशियमचं मीठ असतं म्हणून पोटॅशियम वर, कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून कॅल्शियम खाली, आणि अल्कलाइन फॉस्फेटेजला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही तेच ओढून घेतं म्हणून तेही खाली. बहुतेक वेळा कुणीतरी लाल ट्यूबला ब्लड कमी पडलं म्हणून जांभळीतून थोडं ओतलेलं असतं. त्या दिवशीचं कंट्रोल मात्र दोन्ही लेव्हलला (कमी आणि जास्त आकड्याची दोन कंट्रोल) अगदी मीनवर, म्हणजे सरासरीवर!

म्हणून ट्यूब भरायचा क्रम भिंतीवर लावून ठेवा आणि पाळा: ब्लड कल्चर पहिलं, मग निळी सायट्रेट, मग सिरमची लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपॅरिन, मग जांभळी, शेवटी ग्रे फ्लोराइड. एका ट्यूबमधून दुसरीत ब्लड ओतायचं नाही, कधीच नाही, पेशंट लहान मूल असलं तरी नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. दंडाची पट्टी एक मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवायची नाही, नाहीतर प्रोटीन, कॅल्शियम वगैरे वाढलेलं येतं. मूठ उघड-बंद करायला लावू नका, पोटॅशियम वाढतं. ड्रिप चालू असलेल्या हातातून ब्लड काढू नका, ग्लुकोज हजारात जाईल आणि बाकी सगळं पातळ होईल. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, त्यात ब्लड आणि सायट्रेटचं प्रमाण ९ ला १ असतं, अर्धी भरली तर पीटी आणि एपीटीटी (ब्लड गोठायला किती वेळ लागतो त्याच्या टेस्ट) खोटे लांबतात आणि डॉक्टर उगाच औषध कमी करून बसतात. जांभळी ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, निळी तीन-चार वेळा. कॉकटेल हलवल्यासारखी हलवायची नाही, हिमोलिसिस होतं, म्हणजे लाल पेशी फुटतात.

नाव विचारताना "तुम्ही अमुक का?" असं विचारू नका, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा" असं विचारा, आणि लेबल पेशंटसमोरच ट्यूबला लावा, आधीपासून लावून ठेवलेल्या रिकाम्या ट्यूबा हा अदलाबदलीचा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

आणि वेळ. सिरम वेगळं न करता ट्यूब तशीच बाहेर ठेवली तर पेशी ग्लुकोज खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. सकाळी सातला १०० असलेली शुगर दहापर्यंत ८० च्या घरात आलेली असते. फ्लोराइड टाकलं म्हणजे लगेच थांबतं असंही समजू नका, त्याला नीट काम करायला पहिला तास-दोन तास लागतात, त्यामुळे ग्रे ट्यूबसुद्धा लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेली बरी. उलट पूर्ण ब्लड फ्रिजमध्ये ठेवून दिलं तर पेशींचा पंप थंडीने बंद पडतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं, सिरम दिसायला स्वच्छ, हिमोलिसिसचा पत्ता नाही, आणि पोटॅशियम ६.५! म्हणून सिरमची ट्यूब अर्धा तास उभी ठेवून क्लॉट होऊ द्या, फिरवा, वेगळं करा, मग हवं तर फ्रिजमध्ये.

कंट्रोल तयार करतानाच निम्मं क्यूसी बिघडतं

पावडरवालं कंट्रोल असेल तर डिस्टिल्ड वॉटर मोजून टाकायचं असतं, आणि इथेच लोक सिरिंजने "साधारण पाच" टाकतात. पाचाऐवजी ५.१ मिली पडलं तर त्या व्हायलमधली प्रत्येक टेस्ट २ टक्के कमी येणार. व्हॉल्युमेट्रिक पिपेट वापरा, तीही काचेची चांगली. झाकण हळू उघडा, पावडर उडते. पाणी टाकल्यावर अर्धा तास (किंवा कागदावर लिहिलं असेल तेवढा वेळ) ठेवा, अधूनमधून हलक्या हाताने गोल फिरवा, फेस येऊ देऊ नका. मग छोट्या ट्यूबांमध्ये वाटून उणे २० ला ठेवा, रोज एक काढायची, उरलेली परत गोठवायची नाही.

ह्यातून एक मस्त खूण मिळते. एका लेव्हलचं ग्लुकोज, युरिया, कोलेस्टेरॉल, प्रोटीन सगळंच एकाच प्रमाणात खाली आलंय आणि दुसरी लेव्हल ठीक आहे, तर मशीनला हात लावू नका, व्हायल चुकीची बनलीये. आणि अल्कलाइन फॉस्फेटेज तर पावडर विरघळल्यानंतरही काही वेळ वाढत राहतं, त्यामुळे ते रोज ठरावीक वेळाने लावलं नाही तर चार्ट उगाच नाचतो. बिलिरुबिनला उजेड चालत नाही, व्हायल खिडकीजवळ ठेवू नका.

सेल काउंटरचं कंट्रोल मात्र कधी गोठवायचं नाही. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, दोन तळव्यांमध्ये फिरवा, उलटं-सुलटं करा, तळाला लाल थर दिसत नाही ना बघा, मगच लावा. उघडल्याची तारीख व्हायलवर लिहा. उघडल्यानंतरचे दिवस आणि छापील एक्स्पायरी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वतःचा मीन काढा

पाकिटातल्या कागदावर जी रेंज छापलेली असते ती अनेक लॅब, अनेक मशीन धरून केलेली असते, त्यामुळे ती ऐसपैस असते. ती रेंज वापरली की कंट्रोल जवळजवळ कधीच बाहेर जात नाही आणि सगळे खूश. पण तुमच्या मशीनची खरी एसडी २ असताना तुम्ही ५ धरून बसलात तर मशीन किती सरकलं हे तुम्हाला कळणारच नाही. छापील रेंज फक्त एवढ्यासाठी वापरा: तुमचा मीन त्यात पडतोय ना.

स्वतःचा मीन काढायला कमीत कमी २० रीडिंग, शक्यतो २० वेगवेगळ्या दिवसांची. एकाच दिवशी २० वेळा लावून काढू नका, एका दिवसाची एसडी फार छोटी येते कारण त्यात वेगळा माणूस, वेगळी व्हायल, वेगळं तापमान, नवीन कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या आकड्याशी मशीन जुळवणं) काहीच आलेलं नसतं, मग पुढच्या आठवड्यापासून रोज काहीतरी बाहेर जात राहतं आणि लोक वैतागून क्यूसीकडे बघणंच सोडतात. कंट्रोलचा जुना लॉट (एकाच वेळी बनलेला साठा) संपायच्या आधी नवीन लॉट सोबत लावायला घ्या. तेवढे दिवस हातात नसतील तर थोड्या रीडिंगचा नवा मीन घेऊन त्याला जुन्या लॉटचा सीव्ही (एसडी मीनच्या किती टक्के आहे तो आकडा) लावा आणि तात्पुरती एसडी काढा, हे चालतं.

आणखी एक, हिशोब करताना २ एसडीबाहेरच्या व्हॅल्यू "खराब" म्हणून काढून टाकायच्या नाहीत. कारण सापडलं असेल (बुडबुडा, चुकीची व्हायल) तर काढा, नाहीतर राहू द्या. दर महिन्याला टोकाच्या व्हॅल्यू छाटत गेलात तर एसडी आक्रसत जाते आणि मग चांगलं रीडिंगही बाहेर दिसायला लागतं.

चार्ट आणि नियम

रोजच्या व्हॅल्यू चार्टवर टिंब म्हणून टाका. हा चार्ट मुळात कारखान्यातल्या मालाच्या तपासणीसाठी शुहार्टने काढलेला, लेव्ही आणि जेनिंग्ज ह्या दोघांनी १९५० मध्ये तो लॅबमध्ये आणला. नुसत्या आकड्यांच्या रजिस्टरमध्ये जे दिसत नाही ते चार्टवर लांबून दिसतं.

आता बाहेर कधी म्हणायचं? फक्त २ एसडीचा नियम ठेवला तर मशीन एकदम ठणठणीत असतानाही एका लेव्हलला साधारण ५ टक्के वेळा, दोन लेव्हलला ९ टक्के आणि तीन लेव्हलला जवळपास १४ टक्के वेळा काहीतरी बाहेर जाणारच. एका टेस्टचं हे, आणि तुम्ही रोज तीस टेस्ट लावता! म्हणूनच परत परत लावायची सवय लागली लोकांना, दोष सगळा त्यांचा नाही. वेस्टगार्डने १९८१ मध्ये अनेक नियम एकत्र वापरायची पद्धत मांडली ती ह्यासाठीच. त्यात २ एसडी ओलांडणं ही फक्त घंटा, थांबून बाकीचे नियम बघा एवढंच.

आकड्यांनी बघू. ग्लुकोज लेव्हल एक: मीन ९०, एसडी २. लेव्हल दोन: मीन २८०, एसडी ६.

लेव्हल एक ९४.६ आली, म्हणजे +२.३ एसडी, आणि लेव्हल दोन २७८. दुसरा कुठलाच नियम मोडला नाही तर नोंद करा आणि पुढे जा.

लेव्हल एक ९४.६ आणि लेव्हल दोन २९३.५. दोन्ही +२ च्या वर, एकाच बाजूला. हा २-२एस. सगळं एका दिशेला सरकलंय, म्हणजे कॅलिब्रेशन, रिएजंट (टेस्टचं रसायन), स्टँडर्ड, तापमान ह्यात शोधा. एकाच लेव्हलने लागोपाठ दोनदा असं केलं तरी हाच नियम.

लेव्हल एक ९५ आणि लेव्हल दोन २६७. एक +२.५ वर, दुसरी −२.२ खाली, मधलं अंतर ४ एसडीपेक्षा जास्त. हा आर-४एस. हे सरकणं नाही, हे थरथरणं आहे: बुडबुडा, प्रोबला (सॅम्पल ओढणाऱ्या सुईला) क्लॉट, पिपेटिंग, व्होल्टेज, नीट न मिसळलेलं रिएजंट. अशा वेळी कॅलिब्रेशन करून काहीही होत नाही.

एकच व्हॅल्यू ३ एसडीबाहेर, तो १-३एस, सरळ थांबायचं. लागोपाठ चार एकाच बाजूला १ एसडीच्या पलीकडे, तो ४-१एस. लागोपाठ दहा मीनच्या एकाच बाजूला, भले सगळी आतच का असेनात, तो १०-एक्स. हे शेवटचे दोन फार लोक बघत नाहीत कारण "आत तर आहे ना". पण लॅम्प म्हातारा होत चाललाय, रिएजंट उघडून बरेच दिवस झालेत, हे सगळं आधी इथेच दिसतं.

बाहेर गेलं, आता काय

पहिलं काम: त्या टेस्टचे पेशंट रिपोर्ट थांबवा. मग डोळ्यांनी बघा. योग्य लेव्हलची व्हायल योग्य जागी आहे का (लेव्हल एक आणि दोनची अदलाबदल हे सगळ्यात कॉमन कारण आहे आणि सगळ्यात शेवटी सुचतं), एक्स्पायरी, बुडबुडा, रिएजंटचा रंग-गढूळपणा, रिएजंट संपत आलंय का, फ्रिजचं तापमान २ ते ८ मध्ये आहे का, क्युवेटचं (ज्यात रिॲक्शन होते त्या छोट्या पेल्याचं) ३७ आहे का, पाण्याची क्वालिटी. आणि कालपासून काय बदललं? नवीन बाटली, नवीन लॉट, सर्व्हिस इंजिनिअर येऊन गेला, लॅम्प बदलला? बहुतेक वेळा उत्तर इथेच असतं.

काही सापडलं नाही तर नवीन कंट्रोल उघडून एकदा लावा, एकदाच. आत आलं तर जुनी व्हायल खराब होती, तसं लिहा. नाही आलं तर नवीन रिएजंट, मग कॅलिब्रेशन, ह्याच क्रमाने, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात परत तिथेच. बाहेर गेलेली व्हॅल्यू खोडायची नाही, कारण आणि काय केलं ते शेजारी लिहायचं. कंट्रोलचा आकडा जुळावा म्हणून मशीनमधला फॅक्टर (ज्याने आकडा गुणला जातो ती संख्या) हाताने बदलणारे पण असतात, ते करू नका, आणि कंट्रोलला कॅलिब्रेटर म्हणूनही वापरू नका.

रिपोर्टच बोलतो, ऐका

सही करण्याआधी दहा सेकंद आकडे एकमेकांशी जुळतात का बघा. हिमोग्लोबिनला ३ ने गुणलं की साधारण हिमॅटोक्रिट (ब्लडमध्ये लाल पेशी किती टक्के) यायला पाहिजे, ३ इकडे-तिकडे. (पेशी नॉर्मल आकाराच्या असतील तरच, लोह कमी असलेल्यात जुळणार नाही.) एमसीएचसी (लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन किती दाट आहे तो आकडा) ३७ च्या वर गेलं तर ते बहुतेक वेळा खरं नसतं, सिरम लायपेमिक (चरबीमुळे दुधाळ) आहे किंवा थंडीने पेशी चिकटल्यात. ट्यूब ३७ डिग्रीला गरम करून परत लावा, एमसीएचसी खाली येऊन आरबीसी (लाल पेशी) वर गेले की समजा कोल्ड अग्लुटिनिन (थंडीत पेशी चिकटवणारी अँटीबॉडी).

प्लेटलेट १८ हजार आणि पेशंटला कुठे एक ठिपका नाही? आधी ट्यूबमध्ये काडी फिरवून क्लॉट बघा, मग स्मिअरच्या (काचेवर पसरलेल्या ब्लडच्या थराच्या) कडेला गुच्छ बघा. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्येच चिकटतात, त्यांचं ब्लड सायट्रेटमध्ये घेऊन आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं.

अल्ब्युमिन टोटल प्रोटीनपेक्षा जास्त, डायरेक्ट बिलिरुबिन टोटलपेक्षा जास्त, असलं काही गेलं तर डॉक्टर फोन करणारच. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं आणि उत्तर शून्याखाली आलं तर तिघांपैकी एक इलेक्ट्रोड खोटं बोलतोय, एकाच दिवशी तीन-चार पेशंटचं असं आलं तर नक्कीच. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर फॉर्म्युल्याने काढलेलं एलडीएल देऊ नका.

जुना रिपोर्ट असेल तर शेजारी ठेवा. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) माणसाचं दोन-चार दिवसांत फारसं बदलत नाही, परवा ७२ आणि आज ९४ असेल आणि मध्ये ब्लड चढवलेलं नसेल तर ही ट्यूब दुसऱ्याच कुणाची आहे. सॅम्पलची अदलाबदल पकडायला ह्याच्याइतकं स्वस्त हत्यार नाही.

हार्मोनच्या टेस्टमध्ये एक वेगळी भानगड: केसांसाठी बायोटिन ह्या व्हिटॅमिनचे मोठे डोस घेणारे लोक. ज्या किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन वापरतात तिथे टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त येऊ शकतं, म्हणजे थायरॉइड वाढल्याचा हुबेहूब रिपोर्ट. कंट्रोल इथेही मीनवरच असणार. विचारायची सवय लावा.

महिन्याची कामं

बाहेरून येणारं ईक्यूएचं (इतर लॅबशी तुलना करून होणारी तपासणी) सॅम्पल पेशंटच्या सॅम्पलसारखंच लावा, त्याच माणसाने, त्याच रांगेत, एकदाच. पाच वेळा लावून सरासरी पाठवली तर तुम्हाला तुमच्या लॅबबद्दल काहीच कळत नाही. निकालात झेड स्कोअर (तुमचा आकडा इतरांच्या सरासरीपासून किती एसडी दूर आहे) २ च्या आत चांगला, २ ते ३ लक्ष द्या, ३ च्या बाहेर शोध घ्या. पण सलग चार महिने +१.२, +१.५, +१.३, +१.६ येतंय तर सगळे "पास" असूनही तुम्ही इतरांपेक्षा वर चालताय. रोजचं कंट्रोल हे दाखवणार नाही, कारण ज्या मीनशी तुम्ही तुलना करताय तोच सरकलेला आहे.

रिएजंटचा नवीन लॉट आला की कंट्रोलवर विसंबू नका, कंट्रोलचं द्रव माणसाच्या सिरमसारखं तंतोतंत वागत नाही. कमी, मध्यम, जास्त असे पाच-सहा पेशंटचे सिरम जुन्या आणि नव्या दोन्ही लॉटवर लावून फरक बघा. पिपेट वजनाने तपासा, खोलीच्या तापमानाला १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन जवळपास १०० मिलिग्रॅम भरलं पाहिजे, दहा वेळा करा.

आणि गेलेले रिपोर्ट?

हा भाग सगळे टाळतात. आज सकाळी २-२एस मोडला, रिएजंट खराब निघालं, बदललं, कंट्रोल मीनवर आलं, छान. पण ते रिएजंट कधीपासून खराब होतं? शेवटचं चांगलं कंट्रोल काल सकाळचं, म्हणजे कालचा अख्खा दिवस संशयात. म्हणून काम जास्त असेल तर कंट्रोल दिवसाच्या शेवटीही लावा, संशयाची खिडकी तेवढी लहान होते. कालचे फ्रिजमधले सिरम काढा, शेवटून सुरुवात करून मागे मागे जात परत लावा, म्हणजे जिथून जुना-नवा आकडा जुळायला लागतो तिथपर्यंत. फरक असा असेल की ज्याने उपचार बदलेल, तर डॉक्टरांना फोन करा, नवीन आकडा सांगा, त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या, वेळ आणि ज्यांनी ऐकलं त्यांचं नाव लिहा, आणि सुधारित रिपोर्टवर "सुधारित" असं स्पष्ट छापून जुना आकडाही दिसू द्या. ह्यासाठीच सिरम कमीत कमी दोन-तीन दिवस झाकण लावून, नीट क्रमाने ठेवायचे, संध्याकाळी जागा करायला म्हणून फेकून द्यायचे नाहीत.